अनुभव धागा: घर सोडायची वेळ आली तेव्हा हाताशी किती पैसे होते?

कृष्णाकाठ
काल भावाचा फोन आला, कोयनेतून पाणी सोडलंय म्हणाला. सांगलीत कृष्णेची पातळी मोजतात त्या आयर्विन पुलाला पाणी अजून भरपूर खाली आहे, तरी रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

२०१९ ला आम्ही सांगलीत गावभागात. भोंगा फिरत होता, पण आबा म्हणाले, '२००५ ला उंबऱ्याला लागलं नाही, आता कशाला येतंय.' धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वर्षी पाणी ५७ च्या वर गेलं. शेवटी बोटीतून निघालो. आईच्या गोळ्यांचा डबा, दोन साड्या आणि पर्समध्ये ४०० रुपये. लाईट नाही म्हणून एटीएम बंद. खात्यात पैसे असून पाहुण्यांकडे दुधाला उसने मागावे लागले, ते अजून टोचतं.

आठ दिवसांनी परत आलो तर कपाटाचं दार फुगून बसलेलं, पहारीनं उघडलं. तळच्या कप्प्यातल्या फायलीची अक्षरशः वडी झाली होती. दुपारभर उंबऱ्यात बसून एकेक पान सोडवलं. विम्याचा कागद निघाला, पण शाई पसरून नंबर वाचता येईना. बँकेनं गृहकर्जाबरोबर काढायला लावलेला विमा होता. चौकशी केली तर फक्त इमारतीचा! फ्रिज, गाद्या, माझं शिलाई मशीन, कशाचेच पैसे नाहीत.

तुम्ही काय नेलंत, विमा मिळाला का, सरकारी मदत कशी आली, सगळं लिहा. यंदा ज्यांच्यावर वेळ येईल त्यांना उपयोग होईल.

पेठमाप
तुम्हाला भोंगा तरी होता हो. आमच्या चिपळूणात २२ जुलै २०२१ ला पहाटे उठलो तर पाणी दारात. नेसत्या कपड्यांनिशी पोटमाळ्यावर. फोनला रेंज नाही.

दुकानातल्या मालाचा विमा होता. चूक अशी झाली की पाणी ओसरल्यावर वास सहन होईना म्हणून सगळा माल चिखलासकट रस्त्यावर काढला आणि डंपरनं उचलून नेला. विमा कंपनीचा सर्व्हेअर नुकसान बघायला आला तेव्हा दुकान धुतलेलं! बिलंही भिजलेली. मग घाऊक व्यापाऱ्यांकडून खातेउतारे मागवले, सीएकडून जीएसटीची रिटर्न काढली, त्यावर काम निघालं. मागितले त्याच्या निम्मे, तेही सात महिन्यांनी. शेजाऱ्यानं फेकण्याआधी प्रत्येक रॅकचा फोटो काढला, भिंतीवर पाणी कुठवर चढलं त्याचा पण. त्याला बरेच जास्त मिळाले.

शाहूपुरीकर
गाडीचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पाणी उतरल्यावर भाऊजींनी चालू होते का बघायला स्टार्टर मारला. संपलं. इंजिनात पाणी ओढलं गेलं आणि कंपनीनं इंजिनाचा खर्च नाकारला, कारण इंजिन प्रोटेक्शनचं जादा कव्हर घेतलं नव्हतं. बुडालेल्या गाडीला किल्ली लावू नका, टो करून न्या. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर पुरात काहीच मिळत नाही.

मोगरा
@शाहूपुरीकर कुठली गल्ली? माझी आत्या तिथंच, कोल्हापूरच्या शाहूपुरीत राहायची, तिसऱ्या गल्लीत. हायवे बंद होता तेव्हा चार दिवस तिचा फोन लागेना, आम्ही पुण्यात नुसते टीव्हीला चिकटून.

शाहूपुरीकर
पाचवी. तिसरीत तर आमच्याहून आधी पाणी आलं. आत्या बऱ्या आहेत ना?

मोगरा
हो, आता मुलाकडे असते 🙏

निवृत्त तलाठी
बरेच पंचनामे केलेत म्हणून सांगतो. २०१९ ला ग्रामीण कुटुंबाला १० हजार, शहरीला १५ हजार, त्यातले ५ हजार रोख. उरलेले खात्यावर, आणि तिथंच लोक अडकले. खातं वापरात नसल्यानं बंद, आधार जोडलेलं नाही, रेशनकार्डावर एक नाव पासबुकावर दुसरं. पावसाळ्याआधी एकदा बँकेत जाऊन या.

सगळ्यात हाल भाडेकरूंचे. उतारा मालकाच्या नावावर, भांडी वाहून गेली यांची. भाडेकरार करून ठेवा, निदान त्या पत्त्याचं रेशनकार्ड तरी हवं.

पंचनाम्यावर सही करण्याआधी वाचा. पडझड 'अंशतः' लिहिलीय की 'पूर्णतः', यावर सगळं ठरतं. पूर्ण पडलेल्या पक्क्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार मिळतात. तेवढ्यात घर उभं राहत नाही, विमा हवाच.

छत्री
मी विम्याचं काम करते, इथं विकायला आलेली नाही. कृष्णाकाठ ताई, तुमचं वाचून फार वाईट वाटलं. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची सगळ्या कंपन्यांत एकसारखी पॉलिसी आहे. इमारतीचा विमा घेतला की सामान आपोआप धरलं जातं, इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख. पूर, दरड, भूकंप सगळं त्यात आहे. घर राहण्यालायक होईपर्यंतचं भाडंही मिळतं. भाडेकरूला नुसत्या सामानाचा घेता येतो. सोन्यासाठी मात्र वेगळं कव्हर मागावं लागतं. रक्कम ठरवताना जागेचा भाव धरू नका, परत बांधायला किती लागेल ते धरा.

पेठमाप
सोन्यावरून आठवलं. लॉकर तळमजल्यावर असेल तर चौकशी करा. नैसर्गिक आपत्तीत बँक जबाबदार नाही.

माहेर कुरुंदवाड
कुकर लावलाय पटकन लिहिते. आई म्हशीला सोडून निघेना. शेवटी बाबांनी दावं कापलं आणि म्हैस घेऊन चालत माळावर गेले, आई मागनं रडत. मग एका शाळेत नऊ दिवस. बचत गटातल्या बायकांनी गटाच्या पेटीतले पैसे वाटून घेतले प्रत्येकीला हजार, कुणी कागद मागितला नाही. सरकारी पैसे नंतर आले पण पहिला आठवडा त्या हजारावर काढला. आता आई धान्याच्या डब्यात प्लास्टिकच्या पिशवीत पाच हजार ठेवते, शंभराच्याच नोटा, पाचशेची मोड कुणी देत नव्हतं

मोगरा
म्हैस आहे का अजून?

माहेर कुरुंदवाड
आहे!! तिची रेडी पण दूध देते आता

कृष्णाकाठ
@छत्री उद्याच बँकेत जाऊन पॉलिसी बघते. @निवृत्त तलाठी काका, आईच्या पासबुकावर अजून माहेरचं नाव आहे, तेही करून घेते. आत्ता आयर्विनला किती झालं कुणाला माहीत आहे का?

विश्रामबाग
सकाळी २६ फूट होतं. ताई, आमचा वरचा मजला रिकामा आहे. ३५ व्हायची वाट बघू नका, आईला आजच आणून सोडा. औषधं आणि फाईल तेवढी बरोबर आणा, गाद्या आहेत.