मदत हवी आहे: जुन्या गार्डन ट्रॅक्टरच्या बॉनेटवर रंगाला सुरकुत्या पडतायत

नमस्कार मंडळी,

गेले चार महिने एका जुन्या गार्डन ट्रॅक्टरवर काम करतोय. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६१ साली आणलेला पहिला कब कॅडेट, एका सिलिंडरचं ७ अश्वशक्तीचं कोलर इंजिन. ते सुरू झालं त्या रात्री आनंदाने मला झोप लागली नाही. आता अडलंय ते रंगावर.

सीटखालच्या एका कोपऱ्यात मूळ पिवळा शाबूत सापडला, त्यावरून छटा जुळवून घेतली. लहान भागांचा गंज धुण्याच्या सोड्याचं पाणी आणि १२ व्होल्टचा चार्जर वापरून काढला: भागाला ऋण टोक, भंगारातल्या लोखंडी पट्टीला धन. (पट्टी स्टेनलेसची कधीच घेऊ नका, विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि हे उघड्यावरच करा, हायड्रोजन सुटतो.) पांढरी चाकं तर बघत राहावीत अशी झालीत.

घोळ बॉनेटवर झालाय. आधीच्या कुणीतरी त्यावर ब्रशने रंग मारला होता. गंजलेल्या जागा पत्रा दिसेपर्यंत घासल्या. बाकीचा रंग घट्ट वाटला, म्हणून ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने नुसता खरवडला. उघड्या पत्र्यावर एपॉक्सी प्राइमर (पत्र्याला घट्ट धरणारा खालचा थर), मग सगळीकडे हार्डनरवाला, म्हणजे कडक करणारं रसायन मिसळलेला पिवळा. पहिला हात सुरेख बसला. दुसरा जरा भरून मारला, तर पंधरा मिनिटांत जुन्या रंगाच्या कडेकडेने सायीसारख्या सुरकुत्या! जिथे खाली नुसता पत्रा आणि प्राइमर आहे तिथे मात्र आरसा.

सुरकुत्या घासून वरून एपॉक्सीचा हात दिला तर जुना रंग खाली दबून राहील का, की सगळंच उतरवावं लागेल? सँडब्लास्टिंगने पातळ पत्रा वाकेल अशी भीती वाटते. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे कोरडं घासायचं नाहीये.

प्रतिसाद:
आधी एक करून बघा. बॉनेटच्या आतल्या बाजूला तो ब्रशचा रंग असेल तर तुमच्याच थिनरमध्ये भिजवलेलं फडकं ५ मिनिटं ठेवा. मऊ पडला तर सगळा काढा. एपॉक्सीतही थिनर असतंच, त्यानेही तो उठू शकतो.

पेंट रिमूव्हर जाडसर लावून वर प्लास्टिक अंथरा, म्हणजे वाळणार नाही. पत्र्याच्या दुमडीत शिरलेलं रिमूव्हर नीट धुवा, नाहीतर नवा रंग तिथूनच फुगेल. एपॉक्सी त्याच दिवशी मारा. खड्डे बुजवायची लांबी (पुट्टी) भरायची ती त्याच्यावर. आणि कळकळीने सांगतो, त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट, म्हणजे फुफ्फुसांना घातक रसायन असतं. फवारताना बाहेरून हवा पुरवणारा मास्क हवाच, कापडाचा चालत नाही.

धागाकर्ता:
फडकं ठेवलं. तीन मिनिटांत रंग नखाने निघाला, म्हणजे सगळा उतरवायचा हे ठरलं. मास्कचं आधी बघतो, मगच स्प्रेगन हातात घेईन. एवढंच सांगा, दुमड पाण्याने धुतली की आत लगेच गंज धरेल ना?

प्रतिसाद:
धरेल, थांबलात तर. धुतल्या धुतल्या कॉम्प्रेसरच्या हवेने दुमड फुंकून काढा, मग रिमूव्हरचा मागमूस उरला नाही याची खात्री करून हीटगनने पत्रा कोमट होईपर्यंत वाळवा. बॉनेट उभं ठेवा, दुमड खाली. पाणी आपोआप उतरतं.