रिव्हर्स लाईटला एलईडी टाकले. आता एक बंद, एक फडफडतो. काय बघावं?

शिवार_फैजपूर
राम राम मंडळी. गाडी २०१६ ची हॅचबॅक, मॅन्युअल. शेतीची लाईट बऱ्याचदा रात्रीच असते, मोटर चालू करायला केळीत जावं लागतं आणि येताना बांधावरून गाडी मागे घ्यावी लागते. जुन्या पिवळ्या बल्बात मागचं धड दिसत नव्हतं, म्हणून दोन्ही बाजूंना एलईडी टाकले. आता डावा लागतच नाही. उजवा लागतो, पण खड्ड्यात चाक आपटलं की फडफडतो. वर रिव्हर्स काढला तरी उजव्यात काजव्याएवढा उजेड राहतोच. स्टिरिओ आणि मागचा कॅमेरा नंतर बाहेरून बसवलाय.
मेकॅनिक म्हणतो, रेझिस्टर टाका, नाहीतर वायरिंग जळेल. घेऊ का? आणि जळगाव-भुसावळकडे नीट बघणारा ऑटो इलेक्ट्रिशियन कसा शोधावा?

भुसावळ_डाऊन
भो, मनी गाडीले बी हाऊच तरास व्हता. डावा बल्ब काढ, उलटा करीसन लाव.

धुळे_पार्सल
रेझिस्टर टाकून मोकळे व्हा. माझ्या गाडीत टाकल्यावरच फडफड थांबली.

अमळनेरचे_आबा
थांबा हो, आधी काही विकत घेऊ नका. जुने बल्ब फेकले नसतील तर तेच परत लावून बघा. चावी ऑन, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकामागे दगड, मग रिव्हर्स टाका. जुने दोन्ही व्यवस्थित पेटले तर तुमची वायर, फ्यूज आणि गिअरबॉक्सवरचा रिव्हर्सचा स्विच तिन्ही ठीक. तसंही फ्यूज किंवा स्विच गेला असता तर दोन्ही बाजू एकदम बंद पडल्या असत्या. एकच बंद, म्हणजे गडबड त्या बल्बात, होल्डरमध्ये किंवा त्या बाजूच्या अर्थिंगमध्ये.
भुसावळवाले भाऊ बरोबर सांगताहेत. तारेच्या बल्बला प्लस-मायनस कसेही चालतात, एलईडीला चालत नाहीत. दाबून बसणारा काचेच्या बुडाचा बल्ब असेल तर तो दोन्ही बाजूंनी बसतो, पण पेटतो एकाच बाजूने. अर्धा फेरा फिरवून लावा.
वायरिंग जळण्याचं काय ते कळलं नाही. सोळा वॉटचा जुना बल्ब सव्वा अँपिअरच्या वर करंट ओढतो, तीन-चार वॉटचा एलईडी पाव अँपिअरच्या आसपास किंवा जरा वर. कमी करंटने वायर कशी जळेल? रेझिस्टर कशासाठी असतो? गाडीला 'बल्ब गेला' असं मीटरवर दाखवायची सोय असेल, तर एलईडीचा कमी करंट बघून ती फसते. कधी कधी ती तपासणीसाठी करंटचे बारीक ठोके सोडते, त्यानेही एलईडी चमकतो. तिथे जास्तीचा करंट ओढायला रेझिस्टरचं काम. तुमच्या मीटरवर असा दिवा येत नसेल तर नको. सहा ओहमचा रेझिस्टर चालू गाडीत तीस वॉटच्या वर उष्णता टाकतो, हात लावला तर भाजेल. आणि लोक तो दिव्यामागच्या प्लास्टिकला टाय मारून बांधतात! मे महिन्यात आपल्याकडे डिक्की आधीच तापलेली असते. बसवायचाच तर पत्र्यावर, स्क्रूने.

धुळे_पार्सल
आबा, माझ्या गाडीत मीटरवर दिवा येत होता, खरं आहे. पण फडफड तीच ना?

अमळनेरचे_आबा
नाही. तुमची फडफड गाडी उभी असतानाही होत असणार, एका तालात. यांची खड्ड्यात होते. म्हणजे होल्डर सैल. वर्षानुवर्षं गरम बल्ब बसून आतल्या पट्ट्या पसरतात, काळ्या पडतात. फ्यूज काढून बारीक पोलिश पेपर फिरवा, सुईने पट्ट्या जरा आत दाबा. एलईडीच्या बुडाच्या तारा दोन्ही बाजूंना सारख्या वळलेल्या आहेत का तेही बघा. स्वस्त बल्बात एक तार हमखास आखूड असते.

शिवार_फैजपूर
जुने दोन्ही लावले, छान पेटले. डावा एलईडी फिरवला, लागला! उजव्याच्या होल्डरमध्ये एक पट्टी हिरवी पडली होती, घासली, दाबली. आता बुक्की मारली तरी हलत नाही. पण मजा बघा, रिव्हर्स काढल्यावर तो मंद उजेड आता डावीकडेही दिसतोय.

अमळनेरचे_आबा
मग सापडलं. दोन्ही बल्ब एकाच वायरवर आहेत, म्हणजे त्या वायरवर कुठून तरी थोडा करंट उलटा येतोय. जुन्या बल्बला तेवढ्याने काही होत नाही, एलईडीला पुरतो. कॅमेऱ्यासाठी स्टिरिओकडे गेलेली रिव्हर्सची वायर सोडवून बघा.

शिवार_फैजपूर
सोडवली. दोन्ही गप्प. मग कॅमेरा कसा चालवू?

भुसावळ_डाऊन
त्या वायरमध्ये एक डायोड टाक, तो करंट एकाच दिशेने जाऊ देतो. वन एन ४००७, रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे दोन-चार रुपयात मिळतो. पांढरी पट्टी स्टिरिओकडे. जोडावर नुसती चिकटपट्टी नको, गरम केल्यावर आवळणारी नळी लाव. कॅमेऱ्याची पॉवर त्याच वायरवर असेल तर ती डायोडच्या अलीकडे, दिव्याच्या बाजूलाच ठेव.

चाळीसगाव_चौक
उजेडाचं कुणी बोललंच नाही. बल्ब टी१५ घेतलेत की टी१०? बूड दोन्हींचं सारखं, त्यामुळे दुकानदार पार्किंगचा टी१० खपवतो आणि तो बसतोही. मूळचा सोळा वॉटचा बल्ब ३१० ल्युमेन उजेडाचा, पार्किंगचा पाच वॉटचा ५० चा. त्याच्या जागी येणारा एलईडी रिव्हर्सला पुरत नाही. घेताना चारही बाजूंनी चिप असलेला बघा. नुसता टोकाला चिप असेल तर रिफ्लेक्टरवर उजेड पडत नाही, मागे एकच ठिपका दिसतो, बांध दिसत नाही. आणि आधी लांबी मोजा, काही इतके लांब असतात की काचेला टेकतात.

शिवार_फैजपूर
टी१५ च आहेत, चारही बाजूंना चिप. डायोड टाकला, कॅमेरा चालतोय, उजेड राहत नाही. काल रात्री बांधाच्या कडेचा ठिबकचा पाइपसुद्धा स्पष्ट दिसत होता. इलेक्ट्रिशियनचं मात्र सांगाच, स्टिरिओच्या बाकीच्या वायरी बघून घ्यायच्यात.

चाळीसगाव_चौक
जळगावला अजिंठा चौफुलीकडे चौकशी करा. जो आधी टेस्ट लॅम्प (वायरीत करंट आहे का बघायचा दिवा) हातात घेईल त्याच्याकडे गाडी द्या. आल्या आल्या वायर कापायला पक्कड काढली तर तिथूनच परत फिरा. गाडी वॉरंटीत असती तर वायर कापूच देऊ नका म्हटलं असतं.