मदत हवी आहे: सिंगलचा जुना आयएसआरसी (रेकॉर्डिंगचा ओळख-कोड) अल्बमला चालतो का?

मंडळी, सोलापुरातनं लिहितोय. गड्ड्याच्या यात्रेसाठी सिद्धरामेश्वरांच्या गाण्यांचा अल्बम टाकायचाय, त्यातलं एक गाणं आधीच सिंगल म्हणून आलंय, दुसऱ्या डिस्ट्रिब्युटरकडनं (गाणी ऑनलाइन अ‍ॅपवर टाकणारी कंपनी). आता मला एवढं कळलंय की बारकोड अख्ख्या रिलीजचा, त्यामुळं अल्बमला नवा लागणारच, पण आयएसआरसी रेकॉर्डिंगचा असतो, १२ अक्षरी, आणि रेकॉर्डिंग तेच असेल तर कोडही तोच द्यायचा. पण ह्या नव्या डिस्ट्रिब्युटरच्या फॉर्मात रकाना रिकामा सोडला की आपोआप नवा कोड चिकटतो, मग गाण्याच्या प्लेचा आकडा दोन ठिकाणी फुटेल ना? जुना कोड कुठं बघायचा? जुनेवाले तर फोनच उचलत नाहीत. आणि त्याच गाण्याचं हलगी वाढवून मिक्स केलंय, त्याला वेगळा कोड लागणारच ना? कुणी केलं असेल तर सांगा राव.