लिस्बन ते हेलसिंकी: आई-बाबांसाठी थेट विमान की मध्ये थांबा?

एस्पोकर
नमस्कार मंडळी. आई-बाबा (६८ आणि ७३) जूनमध्ये लिस्बनला दादाकडे येतायत, तिथून आमच्याकडे हेलसिंकीला. अंतर किती, वेळ किती लागतो? बाबांनी विमानाच्या वेळा वहीत उतरवल्यात आणि काल फोनवर मला धारेवर धरलं: "जाताना पावणेसात तास आणि येताना तीनच? विमान तेच ना?" त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून वाटतं मध्ये कुठेतरी उतरून पाय मोकळे करावेत. काय करू?

भटका_बोका
सरळ अंतर साधारण ३,३६५ किमी. काश्मीर ते कन्याकुमारीपेक्षा जास्त! हवेत साडेचार ते पाच तास. बाबांची वजाबाकी बरोबर आहे, घड्याळं वेगळी आहेत. हेलसिंकी लिस्बनच्या २ तास पुढे, उन्हाळा असो की हिवाळा. सकाळी ११ ला निघून पावणेपाच तासांनी उतरलात तर तिथे पावणेसहा वाजलेले असतात. परतताना वारा समोरून, त्यामुळे खरं तर थोडा जास्तच वेळ लागतो, पण ते २ तास परत मिळतात.
गंमत म्हणजे या वाटेचा मध्य जवळपास ब्रसेल्सवर येतो. फ्रँकफर्टमार्गे गेलं तरी जेमतेम ५० किमी वाढतात. इस्तंबूलमार्गे तिकीट स्वस्त दिसेल, पण ते ५,४०० किमी. नाक धरायला डोक्यामागून हात!

सदाशिवपेठी
थेटच घ्या हो. सासूबाईंना घेऊन आम्ही हौसेने मध्ये थांबा घेतला होता. पन्नास मिनिटं हातात, पुढचं विमान पार दुसऱ्या टोकाला, सांगितलेली व्हीलचेअर आलीच नाही. सासूबाई एका हातात चपला घेऊन सरकत्या पट्ट्यावर. पाय मोकळे कसले! व्हीलचेअर ४८ तास आधी कळवा आणि कळवल्याचा पुरावा जवळ ठेवा. बाबांना कडेची जागा घ्या, तासातासाला उठता येतं.

एस्पोकर
आणि लंडनमार्गे? तिथे मावशी आहे.

भटका_बोका
नको. पोर्तुगाल-फिनलंड दोन्ही शेंगेनमध्ये (आपापसात पासपोर्ट तपासणी नसलेल्या युरोपीय देशांचा गट), थेट गेलात तर मध्ये पासपोर्टवर शिक्का नाही. लंडन शेंगेनबाहेर. ब्रिटनचा व्हिसा वेगळा, आणि परत आत यायला शेंगेन व्हिसाही एकाहून जास्त प्रवेशांचा हवा. मावशींनाच बोलवा हेलसिंकीला.

एस्पोकर
फिनएअरचं थेट तिकीट काढलं, कडेच्या जागा मिळाल्या. बाबांनी वहीत ३,३६५ लिहून खाली दोन रेघा मारल्या. मग विचारलं, तुमच्याकडे सूर्य कधी मावळतो? म्हटलं, जूनच्या उत्तरार्धात रात्री पावणेअकराच्या पुढे. फोनवर जरा वेळ शांतता.
"मग माझी संध्याकाळची गोळी?"