टेनिसपटू सोमदेव देववर्मन: अमेरिकेतल्या कॉलेजने घडवला की उशीर केला?

बेसलाइन:
मुलाला टेनिसमध्ये पुढे न्यायचं तर अभ्यास बाजूला ठेवा, असं कोर्टाबाहेर बसलेले पालक एकमेकांना सर्रास सांगतात. मला हे पटत नाही, आणि सोमदेवची कारकीर्द बघून तर अजिबातच नाही.

व्हर्जिनिया विद्यापीठात चार वर्षं. एनसीएएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या, एकेरीत २००६ला उपविजेता, २००७ आणि २००८ला विजेता. २००७ची फायनल अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या अथेन्सला झाली. समोर जॉन इस्नर, कोर्ट त्याच्याच विद्यापीठाचं, प्रेक्षकही त्याचेच. तिथे सोमदेवने तिसरा सेट टायब्रेकमध्ये काढला! व्यावसायिक होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा, जानेवारी २००९मध्ये, वाइल्ड कार्डवर (क्रमवारी पुरत नसताना आयोजकांनी दिलेल्या थेट प्रवेशावर) खेळून त्याने चेन्नई ओपनची फायनल गाठली. वाटेत कार्लोस मोया आणि इवो कार्लोविचला हरवलं; फायनलला मारिन चिलिच भारी पडला. २०१०मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत एकेरीचं सुवर्ण, ग्वांगझूच्या एशियाडमध्ये एकेरी आणि दुहेरी दोन्ही. (दुहेरीतला जोडीदार सनम सिंगही व्हर्जिनियाचाच.) जुलै २०११मध्ये जागतिक क्रमवारीत ६२वा, ही त्याची सर्वोत्तम मजल.

त्याची सर्व्हिस कधीच मोठी नव्हती. तो जिंकायचा पायांवर, दमावर आणि डोक्यावर. रोज तगडे सोबती, हाताशी ट्रेनर, हरलो तर अख्खा संघ हरतो ही जाणीव, हे सगळं त्या वयात भारतात त्याला कुठे मिळालं असतं?

चिप_चार्ज:
सहमत नाही. तो पूर्णवेळ व्यावसायिक झाला तेव्हा २३ वर्षांचा होता. त्याच्याहून वर्षाने लहान नदालकडे तोवर चार फ्रेंच ओपन होती. सोमदेवच्या खेळाची सगळी मदार पायांवर होती हे तुम्हीच म्हणता. मग पाय सर्वात ताजे असतानाची वर्षं विद्यापीठासाठी खर्च झाली, त्याचं काय? २०१२मध्ये खांदा गेला. म्हणजे वरच्या पातळीवरची भरीव वर्षं हाताला लागली जेमतेम तीन. १ जानेवारी २०१७ला निवृत्ती जाहीर केली तेव्हा बत्तिशीही पुरी नव्हती.

बेसलाइन:
नदालशी तुलना कुणाचीच होत नाही हो. आपल्याकडचं उदाहरण घ्या. युकी भांबरी २००९चा ऑस्ट्रेलियन ओपन ज्युनियर विजेता, ज्युनियर क्रमवारीत पहिला, कॉलेजच्या वाटेला गेला नाही. एकेरीत त्याची सर्वोत्तम मजल ८३. सुमित नागलची ६८. आणि २०१५च्या दिल्ली चॅलेंजरच्या (मुख्य टूरच्या खालच्या पातळीची स्पर्धा) फायनलला युकीला हरवलं ते तिशीतल्या सोमदेवनेच.

चिप_चार्ज:
युकीला दुखापतींनी पोखरलं. त्यावरून कॉलेजचा मोठेपणा सिद्ध होत नाही.

बालेवाडीकर:
दोघेही पैशांबद्दल बोलत नाही आहात. अठराव्या वर्षी फ्युचर्स, म्हणजे सर्वात खालच्या पातळीच्या व्यावसायिक स्पर्धा, खेळायला निघालेल्या मुलाची बक्षिसाची रक्कम विमानाच्या तिकिटालाही पुरत नाही. कोच, फिजिओ तर दूरच. घरात ऐपत नसेल तर दोन वर्षांत रॅकेट खाली. तिकडे अमेरिकेतल्या कॉलेजात शिष्यवृत्तीवर शिक्षण, राहणं, प्रवास सगळं निघतं. पण तेही सरसकट नाही. एनसीएएच्या सर्वात वरच्या विभागात कित्येक वर्षं पुरुषांच्या संघाला पूर्ण शिष्यवृत्त्या साडेचारच मिळायच्या, त्या आठ-दहा जणांत वाटल्या जायच्या. मुलींच्या संघाला आठ. ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमला खेळली आणि हांगझोऊ एशियाडमध्ये बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेऊन आली. आपल्या पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटचा. २०२४मध्ये अल्माटीला त्याने ऋत्विक बोल्लिपल्लीबरोबर एटीपीचं, म्हणजे पुरुषांच्या मुख्य व्यावसायिक टूरवरचं, दुहेरीचं विजेतेपद मिळवलं. कॉलेज नसतं तर ही दोघं इतकी वर्षं टिकली असती, असं मला वाटत नाही.

चिप_चार्ज:
पैशांचा मुद्दा मान्य. मग जा, पण किती वर्षं? मॅकेन्रो स्टॅनफर्डकडून १९७८ला हीच एनसीएए एकेरी जिंकला आणि त्याच वर्षी व्यावसायिक झाला. बेन शेल्टन २०२२ला फ्लोरिडाकडून जिंकला, लगेच बाहेर पडला आणि पुढच्या वर्षी यूएस ओपनच्या सेमीफायनलला होता. सोमदेवही २००७ला जिंकून निघू शकला असता. आणखी एक वर्ष थांबून तेच विजेतेपद पुन्हा मिळवलं, त्याने टेनिसमध्ये काय भर पडली? माझा आक्षेप एवढाच आहे.

बेसलाइन:
इस्नर चारही वर्षं थांबला आणि तेहतिशीत जगात आठवा झाला. केव्हिन अँडरसन तीन हंगाम इलिनॉयला खेळला. २०११मध्ये जोहान्सबर्गच्या फायनलला त्याने सोमदेवला हरवलं, पुढे विम्बल्डनची फायनलही गाठली. या दोघांकडे सहा फुटांच्या खूप वरची उंची आणि तोफेसारखी सर्व्हिस होती. सोमदेवकडे ती नव्हती. त्याला पक्कं व्हायला वेळ हवा होता आणि चौथ्या वर्षाने तो दिला, असं मी ठामपणे म्हणेन.

बालेवाडीकर:
मला काळजी वेगळीच आहे. चेन्नईची ती स्पर्धा २०१८ला पुण्यात आली, बालेवाडीला झाली, आणि २०२३नंतर तीही गेली. चॅलेंजर होतात, ते चांगलंच आहे. पण पुरुषांची एटीपी टूरची एकही स्पर्धा आज भारतात नाही. एखादा मुलगा उद्या पदवी घेऊन परत आला, तर मोयासारख्याशी घरच्या कोर्टावर खेळायला त्याला वाइल्ड कार्ड देणार कोण? तीन वर्षं की चार, हा वाद मग फार लहान वाटतो मला.

चिप_चार्ज:
वाद लहान नाही. घरी स्पर्धा नसेल तर क्रमवारी परदेशात फिरूनच वर न्यावी लागते, आणि त्याला वर्षं जातात. म्हणून तर म्हणतो, लवकर निघा.