मदत हवी आहे: टिनाखालची खोली कमी खर्चात उबदार कशी ठेवावी?

नमस्कार मंडळी. आम्ही गोंदिया जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो. घर मातीच्या भिंतींचं. दोन वर्षांपूर्वी कवेलू काढून टिन टाकले, तेव्हापासून हिवाळा सोसवत नाही. पहाटे टिनाला आतून पाणी सुटतं आणि थेंब थेट आईच्या गोधडीवर पडतात. तिला दमा आहे.

म्हणून 2000 वॅटचा हीटर आणला. तासाला 2 युनिट, रोज चार तास म्हणजे महिन्याला 240. शंभरच्या वर दर चढतो, बिल पाहून धस्स झालं. अंघोळीचं पाणी आता अंगणातल्या चुलीवरच तापवतो. शेगडी मात्र खोलीत नेत नाही. बंद खोलीत निखाऱ्यांचा वायू जीव घेतो, तुम्हीही नेऊ नका.

टिनाखाली बांबूचे तट्टे ठोकून वर तणस भरावी असं मनात आहे. धानाची तणस घरचीच आहे, पण उंदरांची आणि आगीची भीती वाटते, वायरिंग तिथूनच गेलंय. कोणी तट्ट्यांचं छत केलंय का? तणशीऐवजी काय भरलं? टिनाचं पाणी थांबलं का? खर्चही सांगा. आईला रात्रभर नीट झोप लागावी, एवढंच हवंय.