शब्दचर्चा: आणेवारी, पैसेवारी आणि ‘दुष्काळसदृश’

दादरकर: माण तालुक्यातून मामांचा फोन होता. म्हणाले, “यंदा आणेवारी चाळीसवर आली.” आणे तर केव्हाच गेले, मग चाळीस आणे कसले? ही पावसाची टक्केवारी समजायची का?

मुलुंडकर: पावसाची नव्हे, पिकाची. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे. त्या मानाने यंदा किती आलं, ती आणेवारी. 1957 साली दशमान नाणी आल्यावर कागदोपत्री पैसेवारी झाली, गावाकडे तोंडी जुनाच शब्द राहिला. मामांचे चाळीस हे शंभरातले पैसे आहेत. खरिपाची नजरअंदाज, म्हणजे पहिल्या अंदाजाची, पैसेवारी सप्टेंबरअखेर, सुधारित ऑक्टोबरअखेर आणि अंतिम डिसेंबरात लागते. लोक विचारतात ते एवढंच, “पन्नासच्या आत आली का?” कारण टंचाईच्या सवलती त्या आकड्याला बांधलेल्या असत.

‘असत’ मुद्दाम लिहिलं. आता दुष्काळ पैसेवारीवर ठरत नाही. केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ संहितेत, म्हणजे दुष्काळ ठरवायच्या नियमावलीत, आधी पाऊस पाहतात: तूट किती, सलग तीन-चार आठवडे खंड पडला का. मग उपग्रहावरून पिकांची हिरवाई, जमिनीतली ओल, पेरा, जलसाठे. शेवटी तालुक्यातल्या दहा टक्के गावांत शिवारपाहणी. नुकसान 33 टक्क्यांवर गेलं तर ‘मध्यम’, 50 च्या वर ‘गंभीर’.

लालबागकर: आमच्या गावाकडे ‘खंड’ कुणी म्हणत नाही. पावसानं ताण दिला, दडी मारली, असं म्हणतात. आणि ‘उघडीप’ त्यात घालू नका, ती हवीच असते. त्याशिवाय खुरपणी-कोळपणी व्हायची कशी? आठ दिवसांची उघडीप बरी, तीच लांबली की ताण. मुंबईतल्या बातम्यांत ‘पावसाची उघडीप, शेतकरी चिंतेत’ वाचलं की हसू येतं.

दादरकर: आणि ‘दुष्काळसदृश’? मला तर ती सरकारी पळवाट वाटते.

मुलुंडकर: निम्मी तुमची बाजू खरी. 2023 च्या ऑक्टोबरअखेर राज्यात 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, 24 गंभीर आणि 16 मध्यम. बाहेर राहिलेल्यांची ओरड झाल्यावर नोव्हेंबरात इतर तालुक्यांतली महसूल मंडळं, म्हणजे काही गावांचे गट, ‘दुष्काळसदृश’ ठरली. तिथे निकष होता: जून ते सप्टेंबर सरासरीच्या 75 टक्क्यांहून कमी, शिवाय एकूण 750 मिलिमीटरच्या आत पाऊस. म्हणजे शब्द अगदीच पोकळ नव्हता. पण तो पाऊस मोजतो, पीक नाही. महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, परीक्षा शुल्कमाफी या सवलती मिळाल्या. गंभीर-मध्यम ही प्रतवारी मात्र नाही.

लालबागकर: मग ‘ओला दुष्काळ’?

मुलुंडकर: संहितेत नाही. जास्त पावसाला सरकारी शब्द अतिवृष्टी, म्हणजे मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर. मराठी म्हणून मात्र चोख: दुष्काळ म्हणजे वाईट काळ, त्यात पाण्याचा उल्लेखच नाही. कोरड्यालाच म्हणायचं तर ‘अवर्षण’ आहे.

दादरकर: म्हणजे मुंबईला पाणी देणाऱ्या तानसा-भातसाची पातळी खाली गेली की आपल्याकडे जी होते ती…

लालबागकर: पाणीकपात. दुष्काळ म्हणालात तर मामा फोन ठेवतील.